पॅकेट पकडण्याआधी: सुरक्षा संशोधन गटात नव्यानं येणाऱ्यांसाठी

विद्यापीठातल्या संगणक आणि नेटवर्क सुरक्षेच्या गटात एम.टेक. किंवा पीएच.डी.साठी येणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा एकच चित्र असतं: काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं आणि दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरकाव. प्रत्यक्षात पहिला महिना जातो तो स्वतःची मशीन, स्वतःचं नेटवर्क आणि स्वतःचं घड्याळ तपासण्यात. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तालमीत नवा पोरगा आला की त्याला डाव दाखवत नाहीत, आधी आखाड्यातली माती उकरायला लावतात. माती कडक राहिली तर पडणाऱ्याचं हाड जातं; इथं मोजमाप कच्चं राहिलं तर सहा महिन्यांचं काम जातं, आणि तेही प्रबंध परीक्षकांच्या हातात पडल्यावर कळतं.

शिवाजी विद्यापीठात किंवा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असं काम सुरू करणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात काय, कोणत्या क्रमानं करायचं ते पुढं दिलं आहे.

आधी कागद

पहिली पायरी कीबोर्डावरची नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सर म्हणाले होते’ हा बचाव होत नाही. म्हणून मार्गदर्शकांच्या सहीचं एक पानी पत्र करून घ्या. त्यात कोणते आयपी पत्ते (नेटवर्कातल्या मशीनचे क्रमांक), कोणत्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत, कोणती साधनं वापरणार आणि काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा, एवढं लिहिलेलं असावं. कॅम्पस नेटवर्क सांभाळणाऱ्यांची सही वेगळी घ्या. विभागप्रमुखांच्या सहीवर त्यांचं नेटवर्क येत नाही.

वसतिगृहाचं वाय-फाय ‘नुसतं ऐकून बघू’ हा मोह सगळ्यांना होतो. ऐकू नका. त्यात इतरांची खासगी माहिती असते, आणि संशोधन नैतिकता समितीची मंजुरी नसेल तर तो डेटा शोधनिबंधात वापरताही येत नाही.

मशीन

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला कुठलाही चार-सहा वर्षांचा डेस्कटॉप चालतो. त्यात व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) घालून तीन आभासी मशीन उभ्या करायच्या. रॅमची वाटणी अशी करा: हल्ला करणारी काली लिनक्स (सुरक्षा चाचणीची साधनं भरलेली लिनक्स) ४ जीबी, बळी पडणारी मशीन १ जीबी, मधे बसून ऐकणारी मशीन २ जीबी, उरलेली रॅम मूळ सिस्टीमला. रॅम ८ जीबीच असेल तर राजारामपुरीतल्या एखाद्या संगणकाच्या दुकानातून आणखी एक पट्टी घालून घ्या, पण जाताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगवेगळ्या जागी असते, आणि चुकीची पट्टी जोर लावून बसवण्याच्या नादात स्लॉट गेलेले बोर्ड थोडे नाहीत.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी मशीन चालवायची प्रोसेसरची सोय, चालू करा. बऱ्याच मशीनमध्ये ते बंद असतं. मूळ सिस्टीम विंडोज असेल आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत छोटं हिरवं कासव दिसत असेल, तर समजा की प्रोसेसरची सोय विंडोजच्या हायपर-व्हीनं (तिच्या स्वतःच्या आभासी मशीनच्या यंत्रणेनं) आधीच पकडून ठेवली आहे. मशीन चालतील, पण रांगत. वेळेचं मोजमाप असलेला कोणताही प्रयोग कासव दिसत असताना करायचा नाही.

बंद आखाडा

आता तिन्ही मशीन एका बंद नेटवर्कात घाला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कार्डाचा प्रकार ‘इंटर्नल नेटवर्क’ निवडा आणि तिघांनाही त्याचं एकच नाव द्या. या नेटवर्कात आयपी वाटणारं कुणी नसतं, तेव्हा पत्ते हातानं द्या: कालीला १०.१०.१०.१०, बळी मशीनला १०.१०.१०.२०, ऐकणाऱ्या मशीनला १०.१०.१०.३०. बळी म्हणून मेटास्प्लॉइटेबल २ घ्या. ती शिकण्यासाठी मुद्दाम भोकं पाडलेली लिनक्स आहे.

इथं दोन चुका ठरलेल्या.

पहिली म्हणजे ‘ब्रिज्ड’ निवडणं. मग मेटास्प्लॉइटेबल थेट कॉलेजच्या राउटरकडून पत्ता घेते आणि सगळ्या इमारतीला दिसू लागते. तिचं लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही ‘एमएसएफॲडमिन’ आहे हे साऱ्या जगाला माहीत आहे. दहा मिनिटांसाठीसुद्धा ब्रिज्ड करू नका. कालीला अपडेट हवे असतील तर तिला ‘नॅट’चं (आतून इंटरनेटला जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही असं) दुसरं कार्ड द्या आणि प्रयोगाच्या वेळी ते बंद ठेवा.

दुसरी चूक निरुपद्रवी, पण अख्खा दिवस खाते. ऐकणाऱ्या मशीनवर वायरशार्क (पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणारं साधन) चालू असतं, काली आणि बळी यांचं बोलणं चालू असतं, आणि पडद्यावर एआरपीच्या (‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ अशा सगळ्यांना केलेल्या) विचारणांपलीकडं काही येत नाही. कारण व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ (दुसऱ्यांची पॅकेटही ऐकायची मुभा) मुळात ‘डिनाय’वर असतो. कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन तो ‘अलाऊ व्हीएम्स’वर करा.

पहिली पकड, आधी कागदावर

साधनं चालवण्याआधी किती पॅकेट यायला हवीत ते वहीत मांडा. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यायची.

उदाहरण घ्या. कालीवरून रूट (सर्व अधिकार असलेला युजर) म्हणून एनमॅपचा सिन स्कॅन चालवायचा आहे. एनमॅप म्हणजे समोरच्या मशीनची कोणती पोर्ट, म्हणजे सेवांचे क्रमांकित दरवाजे, उघडी आहेत ते तपासणारं साधन. वेगळं काही सांगितलं नाही तर एनमॅप १००० पोर्ट तपासतं. बंद पोर्टावर दोन पॅकेट होतात: आपला सिन (जोडणीची विनंती) आणि समोरून रीसेट (नकार). उघड्या पोर्टावर तीन: आपला सिन, समोरून सिन-ॲक (होकार) आणि मग कालीच्या कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानं) पाठवलेला रीसेट, कारण हे कनेक्शन त्यानं मागितलेलंच नसतं. मेटास्प्लॉइटेबल २ वर या हजारांपैकी सहसा २३ पोर्ट उघडी निघतात. म्हणजे ९७७ दुणे १९५४, अधिक २३ त्रिक ६९, एकूण २०२३. वर एआरपीची चार-दोन.

आता चालवा आणि मोजा. आकडा जुळला तर तुमचं नेटवर्क, तुमचं साधन आणि तुमची समज, तिन्ही जागेवर आहेत. जुळला नाही तर पुढं जाऊ नका, फरक शोधा. आकडा थोडा जास्त आला तर रूट नसताना स्कॅन केलाय का बघा. तेव्हा एनमॅप पूर्ण जोडणी करतं आणि उघड्या पोर्टावर तिसऱ्या पॅकेटाच्या जागी ॲक आणि त्यामागून रीसेट येतो, तेही २३ नं वाढतात. त्याहून जास्त असेल तर पॅकेट पुन्हा पाठवली गेलीत. स्कॅन सुरुवातीलाच अडकून बसला तर एनमॅप पत्त्याचं नाव शोधायला डीएनएस विचारतंय आणि या नेटवर्कात डीएनएस नाही. एनमॅपच्या आदेशाला मायनस एन लावा.

पकड खोटं कधी बोलते

या भागावर वेळ घालवा. सुरक्षेवरच्या कामात नवख्यांचे जे निष्कर्ष मागं घ्यावे लागतात, त्यातले बरेच हल्ल्याच्या नव्हे, मोजण्याच्या चुकीनं गेलेले असतात.

वायरशार्कमध्ये आपल्याच मशीनवरून निघालेल्या पॅकेटवर ‘चेकसम चुकीचा’ असा शेरा दिसतो. पॅकेट खराब नाही. चेकसम (पॅकेट शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) काढायचं काम नेटवर्क कार्डाकडं सोपवलेलं असतं आणि आपण पॅकेट कार्डापर्यंत जाण्याआधीच पकडलेलं असतं. तसंच १५०० बाइटांची मर्यादा असलेल्या नेटवर्कात पाच-दहा हजार बाइटांची पॅकेट दिसली, तर ती तारेवर तशी गेलेली नाहीत. कार्ड आणि कर्नल त्यांची मोळी बांधतात किंवा सोडतात. पॅकेटाच्या आकारावर किंवा दोन पॅकेटांमधल्या वेळेवर काही सिद्ध करायचं असेल तर ‘ईथटूल’ या आदेशानं टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ (मोळी बांधायच्या-सोडायच्या या सोयी) बंद करून मगच पकडा, आणि बंद केलंय हे प्रयोगाच्या नोंदीत लिहा.

टीसीपीडम्प (आदेश देऊन पॅकेट पकडायचं साधन) थांबवलं की शेवटी तीन आकडे येतात: किती पकडली, फिल्टरपर्यंत किती आली, कर्नलनं किती टाकून दिली. नवखे पहिला बघतात. बघायचा तिसरा. तो शून्य नसेल तर मायनस कॅपिटल बी देऊन बफर वाढवा (आकडा किलोबाइटमध्ये असतो) किंवा पॅकेटाचा पुढचा भागच साठवा. शीर्षकंच (हेडर) हवी असतील तर ९६ बाइट पुरतात: इथरनेटचे १४, आयपीचे २० आणि टीसीपीचे जास्तीत जास्त ६०, एकूण ९४. आयपीव्ही६ असेल तर आयपीचेच ४० होतात, तेव्हा १२८ घ्या.

खऱ्या तारेवर गेलात की आणखी एक चोर भेटतो. साध्या स्विचवर दुसऱ्यांची पॅकेट दिसतच नाहीत. त्यासाठी पोर्ट मिररिंग (एका पोर्टावरच्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टावर पाठवणं) करता येणारा स्विच लागतो, आणि पाच पोर्टांचे स्वस्त ‘स्मार्ट’ स्विचही ते करतात. पण एक गिगाबिटचा पोर्ट येतानाचं आणि जातानाचं मिळून दोन गिगाबिट वाहू शकतो आणि मिररचा पोर्ट एकच गिगाबिटचा असतो. गर्दी झाली की उरलेली पॅकेट स्विचमध्येच गळतात आणि टीसीपीडम्पचा तिसरा आकडा मात्र शून्यच राहतो. ओळखायची खूण: वायरशार्कमध्ये ‘न दिसलेल्या सेगमेंटला ॲक’ असे शेरे. समोरच्यानं पोच दिली आहे, म्हणजे पॅकेट पोहोचलं. दिसलं नाही ते आपल्याला.

जागेचा हिशेबही आधीच करा. भरून वाहणारी एक गिगाबिट सेकंदाला १२५ एमबी, तासाला ४५० जीबी. एसएसडी जेवणाच्या सुट्टीत भरते. मायनस कॅपिटल सी आणि कॅपिटल डब्ल्यू देऊन ठरावीक आकाराच्या ठरावीक फायली फिरत्या ठेवा. उबंटूवर असं करताना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर घाबरू नका: टीसीपीडम्प सुरू झाल्यावर रूटचे अधिकार सोडून स्वतःच्या युजरनं लिहू लागतं. त्याला लिहिता येईल असं फोल्डर द्या.

घड्याळाचं पण बघा. सर्व मशीन क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरनं एकाच वेळस्रोताला बांधा; राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे (एनआयसी) ‘समय’ सर्व्हर किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर घेतलात तर सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांशीही जुळतं. नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. एका मशीनवर यूटीसी आणि दुसरीवर भारतीय वेळ असली की हल्ला आधी आणि त्याचा परिणाम साडेपाच तासांनी, असला चमत्कार आलेखात दिसतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं, व्हर्च्युअल मशीन झोपली, की उठल्यावर तिचं घड्याळ मागं असतं. प्रयोगाआधी दर वेळी बघा. रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) ४ किंवा त्याआधीचा असेल तर त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली आणि आली की तो शेवटची नोंदलेली वेळ धरून चालायला लागतो, नेट येईपर्यंत. टीएलएस (जोडणी सांकेतिक करून झाकणारी पद्धत) प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारलं जातं ते बहुतेक वेळा यामुळंच. डीएस३२३१ या घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं की प्रश्न मिटतो.

एक जुना दरवाजा

आता हल्ला. मेटास्प्लॉइटेबलच्या २१ नंबरच्या पोर्टावर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फायलींची देवाणघेवाण करणारा सर्व्हर आहे. ३० जून ते ३ जुलै २०११ या दिवसांत या सॉफ्टवेअरचं मूळ सर्व्हरवरचं गाठोडंच कुणीतरी बदलून ठेवलं होतं. युजरनेमच्या शेवटी कोलन आणि बंद कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची खूण, टाकली की ६२०० पोर्ट उघडतं आणि तिथं सरळ रूटचा शेल (आदेश द्यायची जागा) मिळतो.

तयार मॉड्यूलचं बटण दाबू नका, हातानं करा. एका खिडकीत २१ वर टेलनेट लावून युजरनेम आणि काहीतरी पासवर्ड द्या. दुसऱ्या खिडकीत नेटकॅटनं ६२०० ला जोडा. पकडीत दोन वेगळ्या टीसीपी जोडण्या दिसतील: पहिलीत ती खूण साध्या मजकुरात, दुसरीत तुमचे आदेश. मग स्वतःला विचारा: फक्त दुसरी जोडणी दिसली असती तर हे ओळखता आलं असतं का? आणि पहिली टीएलएसच्या आत असती तर? घुसखोरी ओळखण्यावरचे निम्मे शोधनिबंध याच दोन प्रश्नांभोवती फिरतात. एकदा यशस्वी झाल्यावर पुन्हा जमत नसेल तर ६२०० आधीच अडकलेलं असतं. बळी मशीन आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर (जतन केलेल्या स्थितीवर) परत आणा.

फौंड्री आणि कारखाना

विषय निवडायला मुंबई-बंगळुरूकडं बघायची गरज नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पट्ट्यात फौंड्र्या आहेत, जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, आणि अशा ठिकाणी पीएलसी (यंत्रं चालवणारे औद्योगिक संगणक) असतात. त्यांच्यात सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही भाषा १९७९ ची. टीसीपीवर ती ५०२ पोर्टावर बोलते.

ओपनपीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर घाला, एक एलईडी जोडा आणि कालीवरून ‘एक कॉइल (चालू किंवा बंद एवढंच सांगणारा बिट) चालू कर’ हा आदेश पाठवा. पकडलेल्या पॅकेटात मॉडबसचे मोजून १२ बाइट असतात: व्यवहार क्रमांकाचे २, प्रोटोकॉलचे २ (नेहमी शून्य), पुढच्या लांबीचे २, युनिटचा १, कामाच्या क्रमांकाचा १ (इथं ५), पत्त्याचे २ आणि किमतीचे २. चालू करायचं तर एफएफ ००, बंद करायचं तर ०० ००. उत्तर म्हणून तेच १२ बाइट परत येतात. बारा बाइटांत पासवर्डाला, सहीला, ‘तू कोण’ या प्रश्नाला एका बिटाचीही जागा नाही. वितळलेल्या लोखंडाच्या भट्टीचा पंखा असल्या आदेशावर चालू शकतो, हे एलईडीकडं बघताना लक्षात असू द्या.

दोन अडचणी हमखास येतात. एलईडी क्षणभर लागून विझतो किंवा लागतच नाही: पीएलसीतला प्रोग्राम तीच कॉइल दर फेरीला, म्हणजे काही मिलिसेकंदांनी, स्वतः लिहितो आणि तुमची किंमत पुसतो. प्रोग्राम लिहीत नाही अशी कॉइल निवडा. दुसरं म्हणजे एकचा घोळ: कागदपत्रांत ४०००१ म्हणून लिहिलेलं रजिस्टर तारेवर शून्य नंबरचं असतं.

खऱ्या कारखान्यात, ओळखीचे शिफ्ट इन्चार्ज ‘या की’ म्हणाले तरी, चालू यंत्रावर एनमॅप लावू नका. जुने पीएलसी साध्या स्कॅननंही लटकतात. भेट मागायचीच तर साखर कारखान्यात गळीत हंगाम संपल्यावर मागा. हंगामात तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. तिथं बघायला जा, वायरिंगचा आराखडा समजून घ्या, आणि परत येऊन प्रयोगशाळेत उभा करा.

तयार डेटासेटची गोडी

घुसखोरी ओळखणारं मॉडेल करायचं म्हणून केडीडी कप ९९ हा जुना डेटासेट उचलणारे अजून दर वर्षी भेटतात. तो डेटा १९९८ च्या नेटवर्कवरून केलेला आहे, आणि त्यातल्या शिकवणीच्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या सुमारे ७५ टक्के नोंदी एकमेकींच्या नकला आहेत. ९९ टक्के अचूकता मिळते ती पाठांतराची. २०१७ चा सीआयसीआयडीएस बरा, पण त्यात सोमवारी फक्त साधी वाहतूक आहे आणि हल्ले पुढच्या चार दिवसांत ठरावीक पत्त्यांवरून. वेळ आणि आयपी पत्ता हे रकाने काढले नाहीत तर मॉडेल हल्ला शिकत नाही, वार शिकतं.

अचूकतेचा आकडा लिहिण्याआधी हा हिशेब करा. दिवसाला १० लाख जोडण्या, त्यात १०० हल्ले. तुमचं मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि साध्या जोडण्यांत फक्त १ टक्का चुकतं. म्हणजे ९९ खऱ्या घंटा आणि ९,९९९ खोट्या. शंभर वेळा घंटा वाजली की खरी एक. रात्रपाळीचा माणूस दुसऱ्या दिवशी घंटा बंद करून ठेवेल.

चुकून खरी त्रुटी हाती लागली, तर ती आधी मार्गदर्शकांना आणि मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कळवा. उत्तर नाही आलं तर सीईआरटी-इनला. दुरुस्तीसाठी ९० दिवस द्यायची रीत आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला की ती सगळी वाट बंद होते.

वही, बॅकअप आणि पावसाळा

प्रत्येक पकडीमागं वहीत एक ओळ: तारीख, यूटीसी वेळ, कोणती मशीन, पूर्ण आदेश जसाच्या तसा, तिन्ही आकडे, आणि फायलीचा शा-२५६ हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा). हॅश पकड संपल्यासंपल्या काढा, नंतर काढलेल्या हॅशला अर्थ नाही. मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती करा आणि छाटणी नकलेवर करा.

वीज जाणार हे धरूनच चाला. मायनस कॅपिटल यू लावलं तर टीसीपीडम्प प्रत्येक पॅकेट लगेच फायलीत ढकलतं. नाहीतर फाइल मधेच तुटते आणि वायरशार्क ‘पॅकेटाच्या मध्यात कापली गेली’ म्हणून कुरकुरतं. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. १०० वॉटच्या मशीनला हिशेबानं ५० मिनिटं, प्रत्यक्षात जेमतेम निम्मी. प्रयोग संपवायला ती पुरत नाहीत, नीट बंद करायला पुरतात.

नकला दोन, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना कारण विचारावं लागणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. प्रयोगशाळा टेकडीवर असली तरी तुमची खोली, तुमचा रस्ता आणि तुमचं नेट खाली असू शकतं. पाणी ३९ कडं सरकायला लागलं की चालू पकडी थांबवा, हॅश काढा, बाहेरची डिस्क गावातल्या उंचावरच्या घरी पोहोचवा, यूपीएस जमिनीवरून टेबलावर घ्या आणि मशीनची वायर भिंतीतून काढून ठेवा.